पाच टक्के जंगल राखायचं, पण कुठलं? उत्तर स्वीडनमधल्या कामाची पद्धत

उत्तर स्वीडनच्या व्हेस्टरबोटन भागात समुद्रकिनारा सोडून आत गेलं की खासगी मालकीची जंगलं साधारण एकाच चेहऱ्याची दिसतात. स्प्रूस, पाइन, अधूनमधून भूर्जाची पांढरी खोडं, पाणथळ मोकळे पट्टे, आणि पूर्वी सपाट तोडून पुन्हा लावलेले, एकाच उंचीच्या झाडांचे कक्ष, म्हणजे जंगलाचे आखलेले तुकडे. अशा मिळकतींची दहा वर्षांची कार्य आयोजना तयार करणं हे आमचं काम. कुठे विरळणी करायची (दाटीतली काही झाडं काढायची), कुठल्या कक्षात तोड घ्यायची, हे आता लेझर मोजणीच्या आकड्यांवरून बरंचसं टेबलावर बसून ठरतं. कुठलं जंगल तोडायचंच नाही, हे मात्र पायी फिरल्याशिवाय ठरत नाही. आयोजनेचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो, आणि जायलाच हवा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. स्वीडनने 1993 मध्ये वन कायदा बदलून लाकूड उत्पादन आणि पर्यावरण या दोन्ही उद्दिष्टांना बरोबरीचा दर्जा दिला. 1998 मध्ये एफएससी या, जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातल्या लाकडाला मिळणाऱ्या प्रमाणपत्राचं स्वीडनसाठीचं मानक आलं. त्या मानकानुसार मालकाने उत्पादक जंगलाच्या किमान 5 टक्के क्षेत्रात निसर्गरक्षणासाठी लागणारी कामं सोडून दुसरं काहीही करायचं नाही. पीईएफसी या दुसऱ्या प्रमाणपत्रातही 5 टक्क्यांचीच अट आहे. 2020 पासून एफएससीने त्यावर आणखी 5 टक्के मागितले. त्या जादा क्षेत्रात तोड चालते, पण निसर्गाच्या किंवा लोकांच्या गरजेप्रमाणे बेताने. प्रमाणपत्र नसेल तर लाकूड विकलं जात नाही असं नाही, पण प्रमाणित लाकडाला मागणी चांगली असल्याने छोटे मालकही गटाने प्रमाणपत्र घेतात.

समजा, मिळकतीत 180 हेक्टर उत्पादक जंगल आहे. त्याचे 5 टक्के म्हणजे 9 हेक्टर. मालकाचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो: त्या पलीकडच्या दलदलीत आणि कातळावर खुरटी पाइन आहेत, ती दाखवली तर चालतील ना? चालत नाहीत. ज्या जमिनीवर वर्षाला हेक्टरी सरासरी 1 घनमीटरही लाकूड वाढत नाही ती उत्पादक धरलीच जात नाही, आणि अशा जमिनीचा सलग तुकडा 0.1 हेक्टरपेक्षा मोठा असेल तर तिथे तोडीला कायद्यानेच मनाई आहे. जे तोडता येतच नाही ते राखलं म्हणून मोजायचं कसं? हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट केलेलं बरं, नाहीतर सगळी आयोजना झाल्यावर 9 हेक्टरांतले 4 हेक्टर बाद होतात आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आमचं ठाम मत असं की 9 हा आकडा सुरुवातीला विसरून जावा. आधी मिळकतीत जपण्यासारखं काय काय आहे ते सगळं शोधायचं आणि मग बेरीज करायची. उलट्या बाजूने गेलं, म्हणजे आकडा पुरा करायला निघालं, की हात आपोआप निकृष्ट जागांकडे वळतो: रस्त्यापासून लांब, चढाचा, दगडगोट्यांचा कोपरा. अशा कोपऱ्यांत कधीकधी खरोखरच उत्तम जुनं जंगल असतं, कारण तिथे कुणी पोचलंच नाही. पण सुपीक उतारावरचं, झऱ्याकाठचं, ॲस्पेन नावाच्या पानझडी झाडांचं आणि उंच गवतफुलांचं जंगल त्या नादात निसटतं. त्यावर जगणाऱ्या प्रजातींना कातळावरच्या पाइनचा काही उपयोग नसतो.

शोध सुरू होतो तो नकाशांपासून. वन प्राधिकरणाच्या सार्वजनिक नकाशावर आधी नोंदलेले महत्त्वाचे अधिवास, पाणथळ जंगलं आणि संरक्षित क्षेत्रं दिसतात. प्रजातींच्या नोंदींचं एक खुलं राष्ट्रीय संकेतस्थळ आहे, तिथे कुणी तरी कधी तरी टिपलेली लायकेन (आपल्या मसाल्यातलं दगडफूल ज्या कुळातलं तो प्रकार), अळंबी, ऑर्किड सापडतात. जमिनीतल्या ओलाव्याचा नकाशा लेझर मोजणीवरून बनवलेला असतो. डोळ्यांना न दिसणारे ओहोळ आणि झिरपणाऱ्या जागा त्यावर निळ्या उमटतात. या सगळ्यांपेक्षा आम्हाला जास्त उपयोगी पडतात ती जुनी हवाई छायाचित्रं. 1960 आणि 1975 च्या सुमारास जवळजवळ सगळ्या देशाची घेतलेली छायाचित्रं आता नकाशासारखी एकावर एक ठेवून पाहता येतात. सपाट तोडीची पद्धत उत्तरेत सरसकट रुजली ती 1950 नंतर. म्हणजे 1960 च्या चित्रात जो कक्ष दाट आणि खडबडीत छताचा (वरून दिसणाऱ्या शेंड्यांचा) दिसतो, 1975 लाही तसाच दिसतो आणि आजही उभा आहे, तो कधीच सपाट झालेला नसण्याची शक्यता मोठी. असे कक्ष आम्ही आधी रेखून घेतो आणि जंगलात पहिल्यांदा तिथेच जातो.

फिरण्याचा हंगाम मे अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. बर्फात पडलेले ओंडके दिसत नाहीत, आणि ओंडके न पाहता केलेलं मूल्यमापन अर्धंच राहतं. ऑर्किड पाहायचे तर जुलै-ऑगस्ट, ओंडक्यांवरची कवकं पाहायची तर सप्टेंबर उत्तम. दोन्ही हवं असेल तर दोन फेऱ्या लागतात. खर्च वाचवायला एकाच फेरीत उरकणारे आहेत, आणि मग तोडीच्या तोंडावर कुणीतरी तिथे संरक्षित ऑर्किड दाखवून देतं. स्वीडनमध्ये सगळेच ऑर्किड संरक्षित आहेत. त्यातलं गुडयेरा रेपेन्स हे छोटं, शेवाळात रांगणारं, पानांवर जाळीदार शिरा असलेलं झाड जुन्या स्प्रूसखाली सर्रास सापडतं. भोवतालचं जंगल सपाट झालं की शेवाळ वाळतं आणि तेही जातं. त्यावरून तोडीचे वाद न्यायालयापर्यंत गेलेले आहेत, तेव्हा त्याची जागा आधीच टिपून ठेवणं मालकाच्याही हिताचं.

थैलीत सामान थोडंच असतं. वय काढायचा पोकळ गिरमिट, रेलास्कोप (दोरीच्या टोकाला खाच असलेली पट्टी), उंचीमापक, व्यास मोजायचा कॅलिपर, फीत, भिंग, बोथट सुरी, जीपीएस आणि रंगीत फिती.

वयासाठी छातीच्या उंचीवर, म्हणजे 1.3 मीटरवर, गिरमिट खोडाच्या गाभ्याकडे रोखून फिरवायचं आणि आतली पेन्सिलीसारखी लाकूडकांडी ओढून वलयं मोजायची. इथल्या सावलीत वाढलेल्या स्प्रूसची वलयं इतकी बारीक असतात की भिंगाशिवाय मोजणं म्हणजे अंदाजपंचे. कांडी ओली केली की वलयं उठून दिसतात. जो आकडा येईल त्यात झाडाला 1.3 मीटर उंच व्हायला लागलेली वर्षं मिळवायची. उत्तरेत ती 10 ते 15 धरतात, दाट सावलीतल्या झाडाला त्याहून जास्त. गिरमिट काम होताच लगेच उलटं फिरवून काढायचं, कारण लाकूड त्याला आवळत जातं. गोठलेल्या लाकडात तर ते अडकून मोडतं. सगळ्यात जाड झाडाचं वय काढून थांबू नये. जाड झाड तरुण आणि शेजारचं मनगटाएवढं झाड दुप्पट वयाचं, असं या जंगलात नेहमी दिसतं.

उभा साठा रेलास्कोपने. दोरीची लांबी आणि खाचेची रुंदी 50 ला 1 या प्रमाणात असली की मोजलेलं प्रत्येक झाड म्हणजे हेक्टरी 1 चौरस मीटर खोडक्षेत्र, म्हणजे छातीच्या उंचीवरच्या खोडांच्या आडव्या छेदांचं क्षेत्र. एका जागी उभं राहून स्वतःभोवती पूर्ण फिरायचं आणि खाचेपेक्षा रुंद दिसणारी खोडं मोजायची. 28 झाडं आली आणि सरासरी उंची 18 मीटर असली, तर आकारगुणक (खोड वर निमुळतं होतं त्याची वजावट) 0.47 धरून 28 गुणिले 18 गुणिले 0.47, म्हणजे हेक्टरी सुमारे 237 घनमीटर. संशय आला तर अंतर मोजावं: 30 सेंटिमीटर व्यासाचं झाड 15 मीटरच्या आत असेल तरच धरायचं. हा आकडा राखण्यासाठी नव्हे, मालकासाठी लागतो. आपण काय बाजूला ठेवतोय याची किंमत त्याला कळायला हवी, आणि आम्ही ती लपवत नाही.

मेलेलं लाकूड मोजणं हे त्याहून महत्त्वाचं. 10 मीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्यायचं, क्षेत्र 314 चौरस मीटर. त्यातल्या प्रत्येक ओंडक्याची लांबी आणि मधला व्यास. 12 मीटर लांब, मध्ये 25 सेंटिमीटर जाड असा एक ओंडका म्हणजे 0.59 घनमीटर. वर्तुळात तो एकटाच असला तरी हेक्टरी जवळपास 19 घनमीटर होतात. म्हणून एकाच वर्तुळावर कधी भिस्त ठेवू नये. कक्षात विखुरलेली निदान पाच-सहा वर्तुळं घ्यावीत आणि ती घरूनच नकाशावर ठरवून न्यावीत, नाहीतर पाय आपसूक ओंडक्यांच्या दिशेने जातात.

पण नुसत्या घनमीटरांनी काही कळत नाही. प्रत्येक ओंडक्यात सुरी खुपसून पाहायची. साल घट्ट आणि पातं शिरत नाही तो ताजा. पातं बोटभर शिरतं तो मधल्या अवस्थेतला. मुठीपर्यंत जातं आणि वर शेवाळाची गादी आहे तो शेवटच्या टप्प्यातला. सगळे टप्पे एकाच ठिकाणी मिळाले तर लाकूड तिथे पिढ्यान्‌पिढ्या पडत आलंय. सगळे ताजेच असतील तर एका वादळाने पाडलेत. सगळे कुजलेलेच असतील तर मध्ये कधीतरी तोड होऊन पुरवठा तुटलाय. स्प्रूसच्या ओंडक्यावर राहणारं, खालून गुलाबी असलेलं फोमिटॉप्सिस रोझिया हे कवक सहसा अशाच जागी सापडतं जिथे ही साखळी तुटलेली नाही. एक ओंडका कुजून संपायच्या आत जवळपास दुसरा पडला नाही तर त्याला जायला जागा उरत नाही.

तोडलेल्या झाडांचे जुने बुंधे दिसले म्हणून जंगल बाद करायचं नाही, हेही इथेच सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात करवतींच्या गिरण्यांसाठी मोठी पाइन निवडून नेली. कुऱ्हाडीच्या खुणा असलेले, लायकेनने राखाडी झालेले ते बुंधे जवळजवळ प्रत्येक जंगलात आहेत. निवडक तोडीने जंगलाचं छत कायम राहिलं. सपाट तोडीने ते गेलं. फरक तिथे आहे.

स्प्रूसच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या लायकेनची ओळख नीट व्हायला हवी, कारण नवखा माणूस सगळ्यांना दाढी म्हणून एकाच रकान्यात टाकतो. काळपट तपकिरी, केसांसारखी ती ब्रायोरिया, सामान्य. फिकट पिवळसर हिरवी असेल तर एक तंतू दोन चिमटींत धरून हलकेच ताणावा. वरची साल तुटून आत पांढरा रबरासारखा दोरा दिसला तर अस्निया. दोरा नाही, नुसतं तुटलं, तर अलेक्टोरिया सार्मेंटोसा. ही अलेक्टोरिया तुकडे वाऱ्यावर उडून पसरते, आणि ते तुकडे फार लांब जात नाहीत. म्हणून ती भरघोस लोंबत असली तर छत तिथे दीर्घकाळ टिकलंय असं समजावं. ॲस्पेन आणि वाळुंजाच्या खोडांवर लोबारिया पल्मोनारिया पाहायची: पानासारखी, खाचखळग्यांची, ओली असताना हिरवीगार आणि कोरडी पडली की तपकिरी राखाडी. कोरड्या दिवशी ती खोडाच्या रंगात मिसळून जाते. पाण्याची फवारणी बाटली खिशात असली तर संशयाच्या जागी दोन फवारे मारून खात्री करता येते.

इथे रेनडियर पाळणाऱ्या सामी समुदायाचा विषय येतो, आणि तो शेवटी एक औपचारिकता म्हणून उरकण्याचा नाही. हिवाळ्याच्या उत्तरार्धात बर्फावर कडक कवच बसलं की रेनडियरांना जमिनीवरची लायकेन उकरता येत नाही. तेव्हा लोंबणारी लायकेन हाच त्यांचा आधार. सामी गावसंस्थांकडे आपल्या चराईच्या जागांचे नकाशे असतात. आम्ही कक्षांची यादी बनवतानाच त्यांच्याशी बोलतो. जनावरं कुठून कुठे जातात, कुठे थांबतात, हे कुठल्याही उपग्रहचित्रात नीट उमटत नाही. एफएससीने वाढवलेले दुसरे 5 टक्के अशा जंगलात फार उपयोगी पडतात: तोड घ्यायची, पण थोडी-थोडी, आणि लायकेनने लगडलेली झाडं उभी ठेवून.

फिरून आल्यावर प्रत्येक कक्षाला वर्ग द्यायचा. चार वर्ग रूढ आहेत. पीजी म्हणजे उत्पादन, नेहमीची काळजी घेऊन. पीएफ म्हणजे उत्पादन, पण जास्त क्षेत्र सोडून. एनएस म्हणजे निसर्गासाठी राखलेलं, पण देखभाल लागणारं. एनओ म्हणजे निसर्गासाठी राखलेलं, हात न लावता. 5 टक्क्यांत शेवटचे दोनच येतात.

एनएस आणि एनओ यांच्यातला निर्णय घाईने होतो, आणि तिथेच जास्त नुकसान होतं. नुसतं सोडून दिलं की निसर्ग आपलं पाहून घेईल, हे पाणथळ स्प्रूसच्या जंगलाला लागू पडतं. जुन्या गुरचराईच्या जागी किंवा जुन्या वणव्यानंतर आलेल्या ॲस्पेन-भूर्जाच्या जंगलाला लागू पडत नाही. पूर्वी वणवे आणि चराई स्प्रूसला मागे ठेवायची. आता दोन्ही थांबलंय. खालून सावलीत स्प्रूस चढतं, ॲस्पेनला झाकतं, आणि काही दशकांत लोबारियासकट सगळं संपतं. एनओ असा शिक्का मारून आपण ते नुसतं बघत बसतो. अशा कक्षाला एनएस देऊन स्प्रूस काढायला हवं, आणि तेही एका दमात नव्हे. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेलं लायकेन अचानक उन्हात आलं की करपतं. आम्ही आधी ॲस्पेनच्या खोडाला घासणारी स्प्रूस काढतो, काही वर्षांनी पुढचं वर्तुळ. काम हिवाळ्यात, जमीन गोठलेली असताना. मोठ्या स्प्रूसपैकी काहींची साल खोडाभोवती हातभर रुंदीची पूर्ण गोल सोलून त्यांना उभ्याउभ्या वठू द्यायचं. तीनबोटी सुतारपक्ष्याला अशी वठलेली झाडंच हवी असतात.

कोरड्या पाइनच्या जंगलात एनएसचा अर्थ बहुधा आग. मोठ्या कंपन्यांना प्रमाणपत्राच्या अटीनुसार काही क्षेत्र नियंत्रित पद्धतीने जाळावंच लागतं. छोट्या मालकाने एकट्याने या वाटेला जाऊ नये. माती उघडी करून काढलेली जाळरेषा, पाण्याचे पंप, वाऱ्याचा अंदाज, अग्निशमन दलाशी समन्वय आणि नंतर कित्येक दिवस चालणारी धुमसत्या मुळांची राखण, एवढं सगळं लागतं. शेजारची कंपनी जाळणार असेल तर आपला कक्ष त्यात जोडून घेता येतो का, हे विचारणं शहाणपणाचं.

आता सीमा. नकाशावर रेघ ओढणं हे दोन मिनिटांचं काम वाटतं, पण राखलेल्या तुकड्याचं भवितव्य त्या रेघेवर ठरतं. शेजारचं जंगल सपाट झालं की ऊन आणि वारा आत घुसतो. किती आत, हे जागेनुसार बदलतं, पण हिशेबासाठी 25 मीटर धरू. 1 हेक्टरचा चौरस म्हणजे 100 बाय 100 मीटर. चारही बाजूंनी 25 मीटर वजा केले की आत उरतं 50 बाय 50, म्हणजे पाव हेक्टर. असे नऊ तुकडे राखले तर कागदावर 9 हेक्टर, पण खऱ्या अर्थाने सावलीतलं, दमट जंगल सव्वादोन हेक्टर. तेच 9 हेक्टर एकत्र, 300 बाय 300, राखले तर आत 250 बाय 250, म्हणजे सव्वासहा हेक्टर उरतात. शक्य तिथे तुकडे जोडावेत, लांबट पट्टी टाळावी, आणि रेघ निसर्गाच्या ओघाने न्यावी: ओहोळ, दलदलीची कड, उताराचा माथा. दलदल आणि कोरडं जंगल यांच्यामधला संक्रमणाचा पट्टा आत घ्यावा, कारण वठलेली झाडं आणि पानझडी तिथेच दाटलेली असतात. मिळकतीची हद्द हीच तुकड्याची सीमा असेल तर पलीकडचा मालक उद्या सपाट तोडू शकतो, हे गृहीत धरून गाभा आत सरकवावा. आपल्याच बाजूला लागून पीएफ वर्गाचा पट्टा ठेवला की वाऱ्याचा पहिला मार तो झेलतो.

ओलसर जमिनीवरच्या स्प्रूसची मुळं थाळीसारखी पसरट असतात. नव्याने उघडी पडलेली कड पहिल्याच मोठ्या वादळात झोपते. जानेवारी 2005 मधल्या गुद्रुन वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये एका रात्रीत सुमारे 75 दशलक्ष घनमीटर लाकूड पाडलं. उत्तरेत तेवढं झालं नाही, पण धडा तोच. एनओ तुकड्यात पडलेलं झाड तिथेच राहायला हवं. मात्र स्प्रूसची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे कायदा मध्ये येतो: ताजं पडलेलं किंवा इजा झालेलं स्प्रूस हेक्टरी 5 घनमीटरपेक्षा जास्त असेल तर त्यापलीकडचं लाकूड वेळेत काढावं लागतं. यात ताजं हा शब्द कळीचा. साल सुटलेली, तपकिरी पडलेली गेल्या-सालची झाडं काढून काही उपयोग नाही. भुंगेरे केव्हाच उडून गेलेले असतात आणि सालीत राहिलेले असतात ते त्यांचे शत्रू. तरीही ठेकेदार तीच काढतो, कारण ती लांबून दिसतात. हिरवे शेंडे असलेल्या पडलेल्या झाडाखाली तपकिरी भुसा दिसतोय का, हे वाकून पाहावं लागतं. थोडीच झाडं असतील तर अळ्या मोठ्या व्हायच्या आत साल सोलून खोड जागेवरच ठेवावं. यंत्र आत नेणं टळतं.

पैशाचं बोलायलाच हवं. स्वेच्छेने राखलेल्या तुकड्याला भरपाई नाही. मालकाने तो आपल्या खिशातून दिलेला असतो. तुकडा खूपच मोलाचा असेल तर दोन वाटा आहेत. एक, राज्याशी निसर्गरक्षणाचा करार. तो जास्तीत जास्त 50 वर्षांचा असतो आणि मोबदला मर्यादित असतो. दुसरी, अधिवास म्हणून कायदेशीर संरक्षण. त्यात जमिनीच्या बाजारभावात जेवढी घट होईल तेवढी रक्कम आणि वर 25 टक्के मिळतात. हे संरक्षण कायमचं असतं आणि जमीन विकली तरी टिकतं. स्वेच्छेची राखण खरेदीदारावर बंधनकारक नसते. सरकारी निधी मर्यादित असल्याने अर्ज केला म्हणजे मिळालंच असं नाही, पण ज्याच्याकडे चांगला तुकडा आहे त्याने विचारून पाहिल्याशिवाय राहू नये. 1993 पासून वन प्राधिकरण महत्त्वाचे अधिवास शोधून नोंदवत होतं. 2021 च्या अखेरीस तोडीच्या सूचनांबरोबर नव्या नोंदी करणं थांबवण्याचा निर्णय झाला. प्रमाणपत्राची अट मात्र तशीच आहे: असा अधिवास तोडायचा नाही, नोंद असो वा नसो. म्हणजे ओळखण्याची जबाबदारी आता मालकावर, आयोजना करणाऱ्यावर आणि लाकूड घेणाऱ्यावर आली. आम्हाला हे ओझं योग्य हातांत आलंय असं वाटत नाही, पण ते आलंय, आणि म्हणून शेतातल्या बांधाइतक्या काळजीने टिपणं ठेवावी लागतात.

0.5 हेक्टर किंवा त्याहून मोठी तोड असेल तर सहा आठवडे आधी प्राधिकरणाला कळवावं लागतं. तोपर्यंत राखलेल्या तुकड्यांच्या सीमा तोडयंत्राच्या पडद्यावर पोचलेल्या असल्या पाहिजेत. बहुतेक अपघात इथेच होतात. दाट छताखाली जीपीएस 5 ते 10 मीटर इकडेतिकडे दाखवतो. चालक हिवाळ्यात, अंधारात, दिव्यांच्या उजेडात काम करत असतो. पडद्यावरची रेघ आणि जमिनीवरची फीत जुळत नसली तर त्याने कशावर विश्वास ठेवायचा, हे कामाच्या आदेशात लिहिलेलं हवं. आमच्याकडे फीत श्रेष्ठ. एका फितीपाशी उभं राहून पुढची दिसली पाहिजे. ती डोळ्यांच्या उंचीच्या वर बांधावी, कारण बर्फ मीटरभर चढतो. फीत बांधलेलं झाड ठेवायचं की तोडायचं, हे न लिहिल्यामुळे सीमेवरची सगळ्यात जाड झाडं गेलेली आहेत. आमचा नियम: फितीचं झाड उभं राहणार. रंग विटतात, म्हणून तोडीच्या हंगामाआधी फिती पुन्हा तपासायच्या.

तुकडा वाचतो आणि तरी मरतो, असंही होतं. लाकूड वाहणाऱ्या यंत्राने ओहोळ वरच्या अंगाला तुडवला, चाकोऱ्यांतून पाणी दुसरीकडे वळलं, आणि खालचं पाणथळ जंगल वाळायला लागलं. शेजारचा चर साफ केला की तेच. ओंडक्यांची थप्पी तुकड्याच्या कडेला लावली की कडेची झाडं सोलवटतात. म्हणून थप्पीची जागा, ओहोळ ओलांडायची जागा आणि न उघडायचे चर हेही त्याच नकाशावर दाखवतो.

दहा वर्षांनी आयोजना नवी होते तेव्हा तुकडे बदलायचा मोह होतो, कारण एव्हाना त्यातली झाडं जाड झालेली असतात. बदल करता येतो, पण नव्या तुकड्याचं मूल्य जुन्यापेक्षा जास्त आहे हे मोजमापाने दाखवता आलं तरच आम्ही सही करतो. त्यासाठी पहिल्या फेरीतली वर्तुळांची स्थानं, ओंडक्यांची मापं, वयाच्या कांड्यांचे आकडे आणि ठरावीक जागेवरून चारही दिशांना काढलेली छायाचित्रं जपून ठेवलेली असावी लागतात. मिळकत वारसांत वाटली गेली तर आणखी एक काम वाढतं: प्रत्येक वाट्याची टक्केवारी वेगळी काढायची. 9 हेक्टर एकाच्या वाट्याला आले आणि दुसऱ्याकडे शून्य, असं झालं तर दुसऱ्याला प्रमाणपत्र टिकवण्यासाठी आपल्या जमिनीत नव्याने शोध घ्यावा लागतो. वाटणीचा नकाशा मोजणीदाराकडे जाण्याआधी राखलेले तुकडे त्यावर काढून द्यावेत.